फुकटचा पत्ता

ब्यूटमध्ये नोव्हेंबरात पाचच्या आतच दिवे लागतात.
टेकडीवर बंद खाणीचा लोखंडी मनोरा लाल होतो
आणि खाली, टायरच्या दुकानामागे, माझं टेबल:
नऊ खुर्च्या, हिरवं कापड,
कापडाला सिगारेटने पडलेलं एक भोक,
त्याला आम्ही दहावा गडी म्हणतो.

मी पत्ते पिसतो, वाटतो. मत देत नाही.

ब्रँट केस्लर बसला की टेबल त्याच्याकडे कलतं.
पाइपलाइनवरची चौदा दिवसांची मजुरी खिशात,
हातात काही असो नसो, दामदुप्पट.
त्याच्या नुसत्या खुर्ची सरकवण्याला भिऊन
लोक जोडीचे राजे टाकून देतात.
ऑर्व्हिल म्हणतो, याला एकदा दाबला पाहिजे,
आणि दर शुक्रवारी
स्वतःच दाबला जातो.

समोर आयली राउतिओ.
तीस हिवाळे शाळेची बस चालवली तिने या उतारांवर.
बर्फावर गाडी घसरली तर ब्रेक दाबायचा नसतो
हे तिच्या डोक्याला नाही,
पायाला ठाऊक आहे.

त्या रात्री तिच्याकडे दोन सत्त्या गेल्या,
माझ्याच हातून, पालथ्या.
ब्रँटने वाढवलं. ती आली.
मी तीन पत्ते उघडले:
चौकटचा राजा, किलवरची सत्ती, इस्पिकची दुर्री.
कोरडं रान. एकाचं दुसऱ्याशी नातं नाही,
कुठून ओल यायची भीती नाही.
तिने बोटाने टेबलावर टकटक केली. म्हणजे, तू बोल.
तो बोलला. चाळीस.
विजेचं बिल भरावं तसे तिने चाळीस मोजले.

बदामाची तिर्री.
टकटक.
शंभर.
तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला
आणि शंभर सारले. तेवढेच. वर एक नाही.
ऑर्व्हिलने कीव करत मान हलवली.

इस्पिकची राणी.
टकटक.
ब्रँट उठून उभा राहिला
आणि होतं नव्हतं ते दोन्ही हातांनी लोटलं,
अंगणातला बर्फ लोटतात तसं.

त्याच्याकडे अठ्ठी आणि नव्वी निघाली.
थाप होती. सुबक, धीट, तीन मजली थाप.
तो सत्त्यांकडे बघत राहिला.
“शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाहीस.”
“तू बोलत होतास ना,” आयली म्हणाली.

बारानंतर मी कापड झाडत होतो.
ती बुटांच्या नाड्या बांधत बसली होती.
मी विचारलं, दर वेळी चालतं का हे गप्प बसणं?

नाही, म्हणाली.
आरडाओरडा करणाऱ्यापुढे चालतं.
त्याला दोर द्यायचा, गाठ तो स्वतः मारतो.
पण दोन बदाम उघडे पडलेले असले
तर आपल्या हातात काही का असेना,
तिथल्या तिथे किंमत लावायची.
गप्प बसलीस
की तिसरा बदाम फुकटात येतो.

एका बुटाची नाडी बांधून झाली.

तोइव्होचा खोकला मी ऑगस्टात ऐकला.
खाणीतल्या माणसाचा खोकला कसा असतो
हे या गावात लहान पोराला कळतं.
म्हटलं, उगीच कशाला घाबरवा. बघू.
सप्टेंबर, बघू. ऑक्टोबर, बघू.
तिने बोटाने खुर्चीच्या हातावर टकटक केली.
नाताळच्या आठवड्यात
समोरच्याने सगळं पुढे लोटलं.

मला काही सुचलं नाही.
तिने पाच डॉलरची चिप माझ्यापुढे ठेवली,
दुसरा बूट हातात तसाच धरून म्हणाली,
“आणि तू? तू कधी बोलतोस?”
“मी वाटतो फक्त.”
ती हसली. मग बूट घातला.

दारातून मी तिचा ट्रक पाहिला.
काचेसारखा रस्ता, अख्खा उतार,
मागचे दिवे एकदाही लागले नाहीत.
पायथ्याशी, दफनभूमीच्या वळणावर,
लागले.
आणि बराच वेळ
लागलेलेच होते.